मुरमाच्या माळाची ओटी

शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत 'डॉ. संघप्रिया बाबासो सोनुले' अशी पाटी लागली ती एक्याण्णव साली, आणि आठवड्याच्या आत पहिला पेशंट आला. पाटी लावली होती वडिलांनी. बाबासो सोनुले एसटीच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर होते आणि ज्या वस्तूवर चिठ्ठी नाही ती वस्तू जगात नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. घरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिलेलं होतं, इथवर ठीक. पण त्यांची बायको मीनाबाई, तिच्या शिवणाच्या मशिनवरही 'शिवण यंत्र, नग १' अशी चिठ्ठी होती. आता लेक डॉक्टर झाली म्हटल्यावर तिला बिनचिठ्ठीची कशी ठेवणार?

पेशंट म्हणजे कोपऱ्यावरचा गिरणीवाला. त्याने शर्ट वर करून पाठीवरचं गजकर्ण दाखवलं. संघप्रिया म्हणाली, "मामा, मी औषधाची डॉक्टर नाही. बुरशीची आहे."

"मग हे काय हाय?" गिरणीवाला म्हणाला. "बुरशीच की."

आणि ती खरोखरच बुरशी होती. त्यानंतर दहा-बारा वर्षं तिच्या दारात केसातला कोंडा आला, नायटे आले, बुरा आलेली लोणची आली. एकदा तर एक बाई अख्खं लग्नाचं पातळ घेऊन आली, पेटीत पडून त्याच्यावर काळे ठिपके उठले होते म्हणून. संघप्रिया प्रत्येकाला समजावून सांगायची आणि समजावून झाल्यावर गुपचूप उपायही सांगायची. पातळाचे ठिपके गेले, आणि तिची कीर्ती नको त्या दिशेने वाढली.

लग्नाचं म्हणाल, तर दोन स्थळं आली. मुलगी संशोधन कशावर करते असं दुसऱ्या पावण्यांनी विचारलं, तिने "बुरशी" म्हणून सांगितलं आणि पावण्यांनी हातातला चिवडा वाकून नीट न्याहाळला. पुढे त्यांचं उत्तर आलं नाही. संघप्रियाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मीनाबाईंना वाटलं, पण त्या मशिनवर बसायच्या आणि जोरात पायडल मारायच्या, एवढंच.

खरं तर तिची बुरशी वेगळीच होती. ती अंगावर येत नाही आणि लोणच्यावरही येत नाही. ती जमिनीखाली, गवताच्या मुळात घर करून राहते. तिचे धागे मुळापेक्षा लांब जातात, जिथून गवताला काही मिळण्याची आशा नाही तिथून पाणी आणि खत शोषून आणतात, आणि गवत तिला त्याबदली साखर देतं. कॉलेजात शिकवताना ती म्हणायची, "गवत म्हणजे साखर कारखाना, आणि बुरशी म्हणजे सभासद." कोल्हापूरच्या पोरांना याहून जास्त सांगावं लागत नसे. एक पोरगा एवढंच विचारायचा, की मग चेअरमन कोण.

शहाण्णव साली तिला एक सरकारी प्रकल्प मिळाला आणि तिच्या आयुष्यात आंबरेवाडी आली.

आंबरेवाडी जोतिबाच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. गावाला ऐंशी एकर गायरान, त्याचं नाव मुरमाचा माळ. रस्त्यांसाठी मुरूम काढून काढून त्याची पार सालटी निघाली होती. पावसाळ्यात जरा टाकळा उगवायचा आणि दिवाळीला बोडका. गावच्या बायका वैरणीसाठी दोन कोस चालायच्या, आणि उन्हाळ्यात शिरोळकडून उसाच्या वाड्याची, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याची, गाडी कधी येते म्हणून रस्त्याकडे डोळे लावून बसायच्या. सरपंच बाळासो पाटील दर पंधरा ऑगस्टला माळावर निलगिरी लावायचे. खड्डे तेच, फोटोतली टोपी तीच, रोप तेवढं दरवर्षी नवं. आपल्याकडे ही एक खोडच आहे. माळ दिसला की माणसाला तो रिकामा वाटतो, आणि त्यात काहीतरी खुपसल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. गवत हे मुळी 'काहीतरी' नसतंच.

आणि या माळाला लागूनच, मधे फक्त एक ओढा, माळाईचं कुरण होतं. माळाई ही गावची देवी. तिच्या कुरणात जनावर घालायचं नाही, कुदळ मारायची नाही. दसरा झाल्यावर विळ्याने गवत कापायचं, बस्स. तिथे पवना आणि मारवेल ही गवतं कमरेएवढी उभी असायची. तोच खडक, तोच पाऊस आणि एवढा फरक. संघप्रियाने दोन्हीकडच्या गवताची मुळं निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कुरणाचं मूळ निळ्या धाग्यांनी गच्च भरलेलं होतं. माळाचं मूळ नागडं होतं.

म्हणजे माळाला हवं होतं ते कुरणातल्या मातीत होतं. मूठ मूठ माती गवताच्या ठोंबांखाली घातली की माळ उभा राहील, असं तिचं म्हणणं. ग्रामपंचायतीने तीन वर्षांसाठी माळाचा एक तुकडा तार मारून तिला दिला. प्रयोग सिद्ध झाला तर ऐंशी एकर गवताला, नाही झाला तर ऐंशी एकर निलगिरीला, असा ठराव झाला. बाळासोंनी तो ठराव मोठ्या मनाने मांडला, कारण बुरशीने काही होतं यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

माती मागायला ती देवळात गेली. केरबा गुरव पायरीवर बसला होता.

"पावणं कुठलं?"

"कोल्हापूरच्या. सोनुले."

"सोनुले म्हंजे कंच्या सोनुले?"

"शाहूपुरीतल्या."

"त्ये न्हवं. मूळचं कंच्या?"

हा प्रश्न आणखी दोन वळणं घेऊन कुठे जातो हे तिला पाचवीपासून माहीत होतं. "मूळचे बौद्ध," ती म्हणाली. "बाकी काही विचारायचं असेल तर विचारा, म्हणजे मातीचं बोलता येईल."

केरबा जरा ओशाळला. "तसं न्हाई बाई. माती तुमालाच न्हाई असं न्हाई. कुनालाच न्हाई. सरपंचानं घराच्या पायात घालाय मागितलीती, त्यालाबी दिली न्हाई. देवीच्या कुरणातनं गवत जातंय, माती जात न्हाई."

देवीचा कायदा सरपंचाला आणि आपल्याला सारखाच आहे, याचं तिला बरं वाटलं. पण माती मिळेना ती मिळेनाच. तेव्हा देवळाच्या भिंतीला टेकून धोंडुबाई बसली होती. साठी उलटलेली, नवरा जाऊन तीस वर्षं झालेली, आणि गावात कुणाचंही भांडण असलं तरी त्यात तिचा एक शब्द असायचाच.

"केरबा," ती म्हणाली, "माती जात न्हाई खरं. पर लेकीला ओटी जाती का न्हाई?"

"कुनाच्या लेकीला?"

"माळाईच्या. मुरमाचा माळ ही माळाईची लेक. तिची कूस उजवंना म्हनून माळाई झुरती. तुज्या आज्याला समदं ठावं हुतं. तुला सांगितलं न्हाई व्हय त्यानं?"

केरबाला हे सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नव्हतं, कारण धोंडुबाईने ते त्याच क्षणी रचलं होतं. पण गुरवाच्या घरात जन्मून देवीची लेक माहीत नाही असं कबूल कसं करायचं? "तसं आज्जा म्हनायचा कायतरी," तो म्हणाला, आणि माती सुटली.

अट एकच. माती टोपल्यातनं, घमेल्यातनं जायची नाही. बायकांनी ती पदरात घेऊन जायची, खण-नारळाच्या ओटीसारखी.

घरी हे कळलं तेव्हा बाबासोंनी चष्मा काढला. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या आणि चुकून एखादी विसरली तर म्हणून देव्हाऱ्याच्या जागी फ्रेम करून लावलेल्या होत्या. "माझ्या घरातली पोर देवीच्या ओट्या वाहणार?"

"आबा, ती ओटी नाही. ते जिवंत विरजण आहे. बायका त्याला ओटी म्हणतात."

"मग तू कागदावर काय लिहिणार?"

"विरजण."

"तसं लिही," ते म्हणाले, आणि चष्मा लावला. कागदावर बरोबर असलं की बाबासोंचा अर्धा विरोध मावळायचा.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्याच्या तोंडाला चोवीस वाफे आखले. सगळ्यांत गवताचे ठोंब सारखेच. बारा वाफ्यांत कुरणाची माती, बारांत काहीच नाही. हे 'काहीच नाही' फार महत्त्वाचं असतं. एकाला दिलं आणि एकाला नाही दिलं, तरच देण्याने काय झालं ते कळतं. हे तिने बायकांना नीट समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि धोंडुबाईने सगळ्यात जास्त.

पहिल्या वर्षी ओटीचे वाफे उठले. दुसऱ्या वर्षी रिकामे वाफेही उठायला लागले. संघप्रियाला हे काही कळेना. तिने मुळं तपासली, तर रिकाम्या वाफ्यांतही निळे धागे. तिने मुंग्यांवर संशय घेतला, वाऱ्यावर घेतला, आपल्या चाळणीवर घेतला. शेवटी बुरशी जमिनीखालून स्वतःच्या पायाने इतक्या वेगाने चालत जाते, असा नवा सिद्धांत मांडणारा अकरा पानांचा लेख लिहिला आणि पुण्याला पाठवला. लिहिताना तिला फार आनंद झाला होता. जगात हे कुणाला माहीत नव्हतं. माहीत नसण्याचं कारण पुढच्या वर्षी कळलं.

नव्याण्णवच्या दिवाळीआधी पुण्याहून तपासणी आली. तपासणी म्हणजे डॉ. पेंडसे, एक सडसडीत गृहस्थ, ज्यांना त्या खेपेला हसताना आंबरेवाडीत कुणी पाहिलं नाही. बरोबर बाळासो, आणि बाळासोंच्या जीपमध्ये निलगिरीची रोपं. चोवीसच्या चोवीस वाफे हिरवेगार डुलत होते. एखादा शेतकरी आनंदाने नाचला असता. संघप्रियाने वही उघडून रिकाम्या वाफ्यांचे आकडे पुन्हा पडताळले.

"यातले रिकामे कोणते?" पेंडसेंनी विचारलं.

ती आकडे सांगणार तोच धोंडुबाई पुढे झाली. तिला वाटलं, बाईची स्तुती चाललीय, आपण हातभार लावावा. "रिकामं एकबी न्हाई, सायेब. समद्यांची भरली आमी."

"काय भरलं?"

"ओटी. बाईंनी बारा लेकींची भरली आन बारा तशाच ठेवल्या. आता एकाच मांडवात निम्म्या लेकींची ओटी भरायची आन निम्म्यांनी त्वांडाकडं बघत बसायचं व्हय? लोक काय म्हनतील? बाईंचं नाव बदनाम हुईल. म्हनून बाई कोल्हापूरला गेल्या की आमी एक एक करून उरकून घेतल्या. तुमी काळजी करू नगा."

पेंडसे संघप्रियाकडे बघत होते. बाळासो जीपमधली रोपं मोजत होते.

खोटं बोलायला जागा होती. चार वाफ्यांना खराब म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण अकरा पानं तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती म्हणाली, "सर, प्रयोग फसला. गवत उगवलं, पण का उगवलं ते मला आता सिद्ध करता येणार नाही. तार मारल्यामुळे जनावरं आली नाहीत, म्हणूनही उगवलं असेल. आणि माझा तो लेख रद्द समजा. बुरशी चालत गेली नव्हती. बायका चालत गेल्या होत्या."

पेंडसेंनी एका वाफ्यातलं पातं मोडून पाहिलं. मग म्हणाले, "लेख चांगला होता. मी दोनदा वाचला." आणि पुढे, "पुन्हा करा. तीन वर्षं. पण या वेळी बायकांना आवरा."

"बायकांना आवरता येणार नाही, सर. प्रयोगच त्यांच्या मापाचा करावा लागेल."

बाळासोंनी कुरकुर केली, पण पेंडसेंनी कागदावर 'प्रयोग अपुरा' असं लिहिलं होतं, ठरावातलं 'सिद्ध झाला नाही' असं नव्हतं. तीन वर्षं मिळाली, आणि त्यानंतर मात्र एक दिवसही नाही, असं पंचायतीने लिहून घेतलं. जीपमधली रोपं नेहमीच्या खड्ड्यांत गेली.

तिने तिथेच, माळावर, बायकांची बैठक घातली. रागवायचं ठरवून आली होती, पण रागवता आलं नाही. त्यांनी जे केलं ते तिच्या अब्रूसाठी केलं होतं. ती म्हणाली, "बरं, रिकामा एकही नाही ठेवायचा. चोवीसही ओट्या भरायच्या. पण निम्म्या मातीला मी आधी उकडून काढणार. म्हणजे त्यातला जीव मरेल."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "म्हंजे शिजवलेलं बी ओटीत घालायचं? ही तर फशिवणूक झाली."

खरंच होती. आणि परत धोंडुबाईच पुढे सरली.

"आपल्या हातानं वंगाळ द्यायचं म्हंजे पाप," ती म्हणाली, "पर कुनाला काय गेलं ते आपल्याला ठावंच नसंल तर? आपुन लेकींच्या ओट्या सारख्याच भरतो. म्हनून समद्या सारख्याच नांदत्यात व्हय? कुनाच्या वाट्याला काय, ते ज्याचं त्याचं नशीब. देवीला कौल लावा. ती ठरवंल."

संघप्रिया तिच्याकडे बघतच राहिली. कुठल्या वाफ्यात काय जाणार हे कुणा माणसाने ठरवायचं नाही, घालणाऱ्याला ते माहीत नसावं आणि मोजणाऱ्यालाही माहीत नसावं, हे शिकायला विद्यापीठात तिला दोन वर्षं लागली होती. धोंडुबाई तंबाखू मळता मळता तिथे पोचली होती.

आता ज्याला माहीत असेल असा एक माणूस तरी हवा. तो कोण, यावर गावात खल झाला. केरबा नको, तो देवीजवळ बोलून जाईल. बाळासो नको, ते कुणाजवळही बोलून जातील. शेवटी केरबानेच सुचवलं, "बाईंचं वडील. त्यांचा देवीवर इश्वास न्हाई. तवा देवीबी त्यांच्याकडनं काडून घ्यायची न्हाई."

बाबासोंनी आयुष्यात एवढा सन्मान कुठल्याच देवस्थानाकडून स्वीकारला नव्हता. तोही त्यांनी 'स्टोअरचं काम' म्हणून स्वीकारला.

मग शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत माती शिजली. कॉलेजचं निर्जंतुक करायचं यंत्र प्रेशर कुकरएवढं, त्यात किती मावणार? बायकांनी तीन खेपा करून माती भाड्याच्या जीपपर्यंत पदरात आणलेली. संघप्रियाने लग्नाच्या आचाऱ्याकडून मोठं पातेलं आणलं, आत पाणी, वर चाळण, चाळणीवर मातीच्या पुरचुंड्या, वर झाकण. तीन दिवस रोज तासभर वाफ. गिरणीवाला नाक वर करत आला आणि आज काय बेत म्हणून विचारून गेला. मीनाबाई म्हणाल्या, "लोकांच्या पोरी मोदक उकडत्यात." पण पुरचुंड्यांची तोंडं त्यांनीच बांधली, आणि इतकी पक्की की सोडवताना कात्री घ्यावी लागली.

त्यानंतर बाबासोंनी लेकीला बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि एका मातीच्या पिशव्यांना पिवळा दोरा, दुसरीच्या पिशव्यांना लाल दोरा बांधला. कुठला कशाला, ते एका चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी पाकिटात, पाकिटावर लाख, लाखेवर सही, पाकीट ट्रंकेत, आणि ट्रंकेवर चिठ्ठी: 'उघडू नये. उघडल्यास प्रयोग बाद.'

कौलाला अख्खा दिवस लागला. केरबा देवीच्या दोन्ही खांद्यांना एक एक ओली कळी चिकटवायचा. उजवी आधी पडली तर पिवळा, डावी पडली तर लाल. असं चोवीस वेळा. तेराव्या वाफ्याला दोन्ही कळ्या दीड तास हलेनात. "देवीलाबी जड जातंय," केरबा म्हणाला. शेवटी डावी पडली. पिवळे झाले अकरा, लाल तेरा. बायकांनी नव्या चोवीस वाफ्यांच्या ओट्या भरल्या, सगळ्यांच्या सारख्या. धोंडुबाई लांब तारेला टेकून उभी होती. ओटी तिची कल्पना, लेक तिने रचलेली, कौल तिचा; पण विधवेने ओटी भरायची नसते, तेव्हा ती सगळ्यांवर देखरेख ठेवत होती.

पहिल्या वर्षी लाल वाफे उंच झाले. संघप्रियाची झोप उडाली. माती शिजली की तिच्यातलं खत मोकळं होतं आणि पहिलं पीक जोरात येतं, हे तिला माहीत होतं; म्हणजे लाल ही शिजलेली असावी. पण नसेल तर? ती एकदा अकरा पानं फसली होती. दुसऱ्या वर्षी दोघे बरोबरीला आले. तिसऱ्या वर्षी पाऊस ओढला, आणि पिवळे वाफे त्याही उन्हात गुडघ्याच्या वर उभे राहिले. लाल वाफे विरळ होत होत करपले. सगळा गाव बघत होता. फरक आंधळ्यालाही कळला असता. फक्त कुठला कशाचा, ते पाकिटात होतं. पिवळी माती शिजलेली निघाली तर तिची सगळी विद्या उलटी ठरणार होती आणि माळ निलगिरीला जाणार होता.

जेवताना ती विचारायची, "आबा, खुणेनं तरी सांगा."

"भाकरी घे," बाबासो म्हणायचे.

दोन हजार दोनच्या दसऱ्यानंतर पेंडसे आले. बाळासो आले, जीप आली, रोपं आली. बाबासो ट्रंक घेऊन एसटीने आले. देवळाच्या पायरीशी केरबाने गुलाल पुढे केला, त्यांनी हात जोडून नको म्हटलं, आणि केरबाने मान डोलावून तो मागे घेतला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ट्रंक उघडली. बाबासोंनी पाकिटाची लाख पेंडसेंना दाखवली, सही दाखवली, तारीख वाचली. मग चष्म्याची काच पुसली. संघप्रियाने तारेचा खांब धरला होता. चिठ्ठीवर सुरुवातीलाच तीन ओळींचा जावक क्रमांक होता, तो त्यांनी संपूर्ण वाचला.

"आबा," ती म्हणाली.

"पिवळा दोरा," बाबासोंनी वाचलं, "माती कच्ची. लाल दोरा, माती शिजवलेली. सही, बाबासो सोनुले."

संघप्रियाने खांब सोडला आणि तिथेच मुरमावर बसकण मारली. तिला रडू आलं, आणि ती मनसोक्त रडली. सहा वर्षं त्यात होती. पेंडसे वाफे मोजून आले, वही मिटली आणि म्हणाले, "वाफे कुठल्या पद्धतीने निवडले, ते अहवालात लिहायचंय."

"कौल लावून," ती डोळे पुसत म्हणाली.

पेंडसेंनी केरबाकडे बघितलं, देवळाकडे बघितलं. आणि आंबरेवाडीने त्या दिवशी त्यांना हसताना पाहिलं. अहवालात त्यांनी 'स्थानिक सोडत पद्धत' असं लिहिलं. बाळासोंनीही वेळ ओळखली. ऐंशी एकर गवताचा ठराव त्यांनी इतक्या जोरात मांडला, की ऐकणाऱ्याला ही बुरशी त्यांचीच वाटावी. रोपं त्यांनी आपल्या बांधाला लावली, आणि तिथे ती जगलीही.

पण बायका ठरावाला थांबल्याच नव्हत्या. चिठ्ठी वाचून झाल्याबरोबर त्या ओढा ओलांडून कुरणात गेल्या होत्या, आणि आता पदर भरून येत होत्या. तेरा लेकींच्या ओटीत तीन वर्षं मेलेली माती होती. ती चूक आधी निस्तरायची होती. एक एक लाल वाफा भरत गेल्या. तेरावा राहिला, ज्याला देवीने दीड तास लावला होता.

धोंडुबाई नेहमीसारखी तारेला टेकून होती. संघप्रिया उठली आणि तिच्याजवळ गेली.

"आज्जी, हा तुम्ही भरा."

"मी भरत नसतो ग."

"लेक कुणी शोधली?"

धोंडुबाईने केरबाकडे पाहिलं. केरबाला नेमकं त्याच वेळी आभाळात काहीतरी दिसलं, आणि तो बराच वेळ तिकडेच बघत राहिला. बायका बाजूला सरल्या. म्हातारी वाकली, दोन्ही हातांनी माती उचलली आणि तेराव्या वाफ्यात एकेका ठोंबापाशी हलकेच ठेवली. तिला घाई नव्हती. उरलेली मूठभर माती घेऊन ती संघप्रियाकडे वळली. "पदर धर."

"आमच्यात ओटी नसते, आज्जी."

"आमच्यातबी माज्यासारखीनं भरायची नसती. भर म्हनालीस, तवा भरली का न्हाई?"

संघप्रियाने ओढणी पुढे धरली.

परतीच्या एसटीत ती ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती. घरी आल्यावर बाबासोंनी विचारलं, "ते काय आहे?" ओटी म्हणावं तर घरात प्रतिज्ञा टांगलेल्या, विरजण म्हणावं तर ते खोटं. बाबासोंनी तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग फडताळातून एक स्वच्छ काचेची बरणी काढली, माती तिच्यात ओतून घेतली, झाकण लावलं आणि वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून वर डकवली.

'नमुना क्र. २५. तपासू नये.'